बाळ नसलेलं बाळंतपण

आत्याबाई, मला आता लिहायला येतं. तुम्ही होता तेव्हा मी अंगठा उठवत होते, आणि तुम्हीही. पुढं थोरली लेक मास्तरीण झाली, तिनं मला पाटी देऊन समोर बसवलं. फार छळलं हो तिनं. मी 'हाय' लिहिलं की खोडून 'आहे' करायची, आणि कान धरायचं तेवढं बाकी ठेवायची. म्हणून हे असं शहाण्या बाईसारखं लिहितेय, नाहीतर तुमच्यापुढं अशी भाषा काढायची माझी काय टाप होती! "लई श्यानी झालीस की गं," म्हणाला असता, आणि तोंडाला पदर लावून हसला असता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं ते हसणं मला आताही ऐकू येतंय.

इंग्रजाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी जेऊरकडची, आई लहानपणीच गेलेली, घरात सगळे बाप्ये. लग्न होऊन सोलापुरात आले तर सासू मिळाली ती निम्म्या गावाच्या बाळंतिणींना आणि त्यांच्या बाळांना तेल लावणारी. सकाळी भोंगा झाला की तुमचा लेक गिरणीत, आणि आपण दोघी तेलाची किटली घेऊन पेठापेठांतून. मला वाटलं होतं, त्यात शिकायचं काय? तेल घ्यायचं, अंगाला चोळायचं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझा भ्रम उतरवलात. उपाशी पोटी निघाले तर दारातून मागं फिरवायचा. "आदी भाकर खा. उपाशी बाईचा हात रागीट असतोय." एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरी न्यायचं नाही. थंड हातानं बाळाला शिवायचं नाही. बाळंतीण बोलायला लागली तर मध्ये बोलायचं नाही, आणि ती गप्प असली तर तिला बोलतं करायचं नाही. मी मनात म्हणायचे, म्हातारी तेल लावायला शिकवतेय का मला माणूस करतेय?

एक सकाळ तर मी कधी विसरणार नाही. आदल्या दिवशी तुमचा लेक माझ्या भावाला काहीबाही बोलला होता आणि आमचं चांगलंच वाजलं होतं. मी फणफणत तुमच्या मागनं चाललेय, धान्याच्या पेठेतलं घर आलंय, बाळ रडतंय, आणि तुम्ही पायरीवरच वळून माझे दोन्ही हात हातात घेता. घेता आणि सोडून देता. "तू घरी जा आज." मी म्हणते, का? "हात बग कसं झालेत. लाकूड. त्या लेकरानं काय घोडं मारलंय तुजं?" भर रस्त्यात! येणारे जाणारे बघतायत. मला इतका राग आला की घरी जाऊन मी सगळी भांडी आपटून आपटून घासली. संध्याकाळी तुम्ही आलात, जेवलात, भाजी बरी झालीय म्हणालात आणि झोपून गेलात. विषय काढलाच नाहीत. मग मीच रात्रभर हात बघत बसले.

आणि अमावस्या. अमावस्येला बाळाला तेल लावत नाहीत, म्हणून तो आपला सुट्टीचा दिवस. बाकीच्या बायका त्या दिवशी घरातलं तुंबलेलं काम काढायच्या. तुम्ही मला दुपारी घरातल्या तेलानं रगडायचा, मग मी तुम्हाला, आणि ऊन कललं की शेंगांची पुरचुंडी घेऊन आपण तळ्यावर. तळ्यातल्या देवळात शिरायचा तुम्हाला कंटाळा. "हितनं दिसतोय की देव. त्यालाबी आपुन दिसतोय." पाण्यात पाय सोडून शेंगा फोडत बसायचं. शेजारणी म्हणायच्या, सासू-सून आळशी आहेत. तुम्ही म्हणायचा, "म्हैना झाला दुसऱ्याची अंगं हातात घेऊन. आज आपलं अंग आपल्यापाशी असू दे की." तेव्हा मला त्यातलं निम्मंच कळायचं. शेंगा मात्र आवडायच्या.

मग मला दिवस राहिले. माहेरी आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. मुलगा झाला. तुम्ही स्वतः नाळ कापलीत, स्वतः न्हाऊ घातलंत, त्याला पायावर घेऊन "बगा बगा कसा बगतोय," म्हणून साऱ्या चाळीला दाखवलंत. पाचवी पूजून झाली. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला, त्यानं दूध सोडलं, आणि उजाडायच्या आत तो गेला. इतकंच. त्याच्यावर जास्त लिहायला मला आजही येत नाही.

बाप्यांनी त्याला नेलं, आणि मी उठले. खरंच उठले. केस बांधले, चुलीपाशी गेले, राख काढायला लागले. समोरच्या खोलीतली काकू आली होती. वाईट नव्हती ती, आपल्या परीनं चांगलंच सांगत होती. "उटू द्या तिला. काम करंल तवा इसरंल. आता शेक-शेगडी कुणासाटी? बाळच न्हाय तर बाळंतपण कसलं?" मलाही तेच वाटत होतं. त्या बाजेवर, त्या घोंगडीवर मला परत जायचं नव्हतं. तुम्ही माझ्या हातातनं फावडं घेतलंत, भिंतीला टेकवलंत आणि काकूकडं न बघताच म्हणालात, "बाळ गेलंय. बाळंतीण हाय की माजी."

आणि सव्वा महिना तुम्ही माझं बाळंतपण केलंत. सगळं. एक गोष्ट सोडली नाहीत. सकाळी तिळाच्या तेलानं मालिश, मग कढत पाणी, मग जुन्या लुगड्यानं पोट आवळून बांधायचं, कानाला फडकं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यात ओवा आणि शेपा. बाजरीची भाकर, लसूण, अळिवाची खीर. चाळीत कुजबुज चालली होती की म्हातारीचं डोकं फिरलंय, बाळ नाही आणि शेगडीचा धूर निघतोय. तुमच्या लेकालाही ते बघवत नव्हतं, तो गिरणीतून सुटला की उशिरापर्यंत बाहेरच राहायचा. दूध थांबेना तेव्हा तुम्ही तेलुगू विणकरांच्या वस्तीत जाऊन मोगऱ्याची फुलं आणलीत. त्यांच्या बायका अशा वेळी ती छातीला बांधतात. फडक्यात फुलं भरून तुम्ही माझ्या छातीला बांधत होता, आणि मी छताकडं बघत होते, आणि खोलीभर लग्नघरासारखा वास सुटला होता. त्यानंतर मी केसांत मोगरा माळला नाही. लेकीच्या लग्नातसुद्धा अबोली घातली.

मी तुमच्यावर किती चिडले त्या दिवसांत! तुम्ही डिंकाचा लाडू घेऊन आलात तेव्हा मी तो भिरकावला. म्हणाले, कुणासाठी चारताय मला? कोण प्यायला बसलंय? लाडू कोपऱ्यात जाऊन फुटला. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं. तुम्ही खाली वाकून दोन्ही तुकडे उचललेत, फुंकलेत, एक स्वतःच्या तोंडात टाकलात आणि चावत चावत म्हणालात, "तुज्यासाटी चारतीया. दुसरं कोन हाय हितं? नऊ म्हैन पोटात जड घिऊन तू माज्याबरूबर हिंडलीस, चिरफाळलीस, रगत सांडलंस. ते अंग वाऱ्यावर सोडू व्हय? पोरगं गेलं म्हनून सून बी घालवू?" आणि दुसरा तुकडा पुढं केलात. आवाज चढवला नव्हता. मी खाल्ला तो. रडत रडत खाल्ला, आणि गोड लागला म्हणून आणखीनच रडले.

त्या दिवसापासून तुमचे हात मला कळायला लागले. एरवी मी तुमच्या शेजारी बसून बघायचे, अंगठा कुठं ठेवता, जोर कुठं कमी करता. आता मी खाली होते. पाठीच्या एका जागी तुम्ही रोज थांबायचा. काही करायचा नाही, नुसता तळवा ठेवायचा आणि वाट बघायचा. आधी ते अंग माझं वाटायचंच नाही. मग हळूहळू तळव्याखाली ऊब कळायला लागली, मग दुखणं कळायला लागलं, मग भूक. एक दिवस मी आपण होऊन खीर मागितली. तुम्ही चुलीकडं तोंड करून बसलात ते बराच वेळ वळला नाहीत. धूर लागला म्हणालात.

सव्वा महिना झाला, ओटी भरून झाली, आणि खरा पेच पुढं आला. जिचं मूल गेलंय, तिच्या हातात आपलं बाळ कोण देणार? मला आता दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. तुम्ही मला घेऊन त्याच धान्याच्या पेठेतल्या घरी गेलात. घरातल्या थोरल्या बाईनं मला बघितलं आणि उंबऱ्यातच हात आडवा केला. "तुम्ही या. हिला नको. हिचं आत्ताच..." तुम्ही म्हणालात, "मग तेल तुमीच लावा, बाई. आमी दोगी येकच हावोत." आणि वळलात. बऱ्याच वर्षांचं घर होतं ते, त्यांच्या तीन सुनांना तुम्ही उभं केलं होतं. रस्त्यात मी म्हणाले, आत्याबाई, माझ्यापायी नका हो. तुम्ही म्हणालात, "चाल नीट. पडशील."

तिथून गेलो ते विणकरांच्या वस्तीत. घरभर सुताच्या लडी, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बाळंतिणीचा सासरा विणतोय, खटखट चाललीय. बाळंतीण माझ्याएवढीच. तिला मराठी धड यायचं नाही. तुम्ही तिला माझ्याबद्दल काय ते सगळं सांगितलंत, काही झाकलं नाहीत. तिनं माझ्याकडं बघितलं. "माझा पण गेला. पैला," एवढंच म्हणाली, आणि मी पाटावर पाय लांब करून बसले तशी माझ्या पायांवर तिनं आपली मुलगी ठेवली.

ते वजन पायांवर आलं आणि मी फुटले. हुंदके आवरेनात. मला वाटलं, झालं, आता हेही घर गेलं. तुम्ही पोरीला उचलून आपल्या मांडीवर घेतलंत. "जा. मागल्या दारी जा. प्वाटभर रड, तोंड धू, हात धू, मग ये." मी म्हणाले, तुम्हीच लावा आज. "मी नुस्ती धरून बसतीया. लावनार तू." मी परसात रांजणापाशी बसले. किती वेळ ते ठाऊक नाही. आतून मागाची खटखट येत होती, आणि तुम्ही त्या बाईला खाणाखुणा करून काहीतरी सांगत होता, ती हसत होती. परत आले तर तेल गार झालेलं. मी वरमले. तुम्ही वाटी निखाऱ्यावर सरकवलीत. "त्याला काय हुतंय? परत ऊन करायचं." मग मी त्या पोरीला तेल लावलं. टाळू भरली, छाती चोळली, हातपाय एकमेकांवर आणून अढी घातली. ती रडली, भुकेली झाली, प्याली आणि झोपली. घरी येताना तुम्ही किटली माझ्या हातात दिलीत.

पुढं मला दोन लेकी झाल्या, त्या तुम्ही बघितल्यातच. ते धान्यवाले दोन वर्षांनी आपण होऊन बोलवायला आले, तेही बघितलंत. तुम्ही गेल्यावर मी एकटी हिंडत राहिले. आता गुडघे बोलतात, म्हणून पोरीच माझ्याकडं शिकायला येतात. दवाखान्यातल्या नर्सबाईही येऊन बसतात, त्यांना बाळ पायावर घेणं शिकायचं असतं. पण खरं विचारायचं असतं दुसरंच. मावशी, दिवसभर दुसऱ्याचं दुखणं बघून घरी गेल्यावर घास उतरत नाही, काय करू? मावशी, काल वॉर्डात एक मूल गेलं, आज हात उचलत नाहीत. मी त्यांना आधी भाकर वाढते. मग आडवं करून पाठीला तेल लावते, एम.ए. झालेली असो नाहीतर अडाणी. लाजतात, म्हणतात, आम्ही शिकायला आलोय. मी म्हणते, हेच शिकायचंय, गप पडून राहा. तुमचं नाव सांगते त्यांना, म्हणजे माझी सासू असं सांगते.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, तसा पत्ताही कुणाला ठाऊक नाही. लेकीला दाखवलं तर ती शुद्धलेखन तपासत बसेल. पण आज एका पोरीनं विचारलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. म्हणाली, "मावशी, बाळ पायावर घेतल्यावर तुम्ही डोळे मिटून थोडा वेळ थांबता, तेव्हा कुठला मंत्र म्हणता? आम्हाला पण सांगा की." बाकीच्या पोरी मंत्र न विचारताच माझं बघून डोळे मिटायला लागल्यात, सगळ्या रांगेनं, मला हसू आवरत नाही. मी तिला सांगितलं, देवाचं नाव घेते. आत्याबाई, मी देवाबिवाचं काही घेत नाही. कुणाचंही बाळ असो, पायावर वजन आलं की आधी आपला येतो. तो येऊन जाईस्तोवर मी डोळे मिटून बसते, मग समोरच्या बाळाला तेल लावते. बारसं व्हायच्या आतच गेला, त्यामुळं हाक मारायला नाव नाही. मी नुसतं "आलास का?" एवढंच म्हणते.