दुखवट्याचा मंडप

कैरो, ६ ऑक्टोबर १९९६

ती. वहीबाताईस,
शाज़लीचा सलाम. वि. वि.

तू पाठवलेले उन्हात फुगवलेले पाव पोचले. वाटेत दगड झाले होते, चहात बुडवून खाल्ले. खाणारा मी एकटाच, म्हणून आठवडाभर पुरले.

टेलिव्हिजनवर इतकी वर्षं चोर, हवालदार, मुनीम आणि शेवटी गावचा प्रमुख अशी माझी बढती होत गेली. आता दिग्दर्शक मी आणि निर्माताही मीच. म्हणजे माझ्यावर ओरडायलाही वर कुणी उरलं नाही. ही मालिका रमज़ानमध्ये लागेल. तिच्यात एक म्हातारा बाप वयाने जातो आणि त्याचा मुलगा दुखवट्याच्या मंडपाच्या तोंडाशी उभा राहून लोकांचं सांत्वन घेतो. तो मुलगा मी करतोय.

हा प्रसंग दुसऱ्या गावात घ्यायला मन होत नाही. बाबांसाठी आपण मंडप घातलाच नाही. खुनाचा बदला घेतल्याशिवाय सांत्वन घ्यायचं नाही, ही आपली रीत. अम्माने बंदूक माझ्या हाती दिली, मी ती भिंतीला टेकवली आणि कैरोची गाडी धरली. तेव्हापासून मला ते दार बंद. माझ्या बाजूने लग्नाची बोलणी करायलाही कुणी वडीलधारं आलं नाही, म्हणून तेही राहिलं.

गावात कॅमेरा आणू का, एवढं अम्माला विचार. घरी येऊ का, ते विचारू नकोस. तिने बोलावलं तरच येईन.

पोरांना दुआ. आठवण ठेव, ही विनंती.
तुझा,
शाज़ली

दूमिया, १९ ऑक्टोबर

चि. शाज़लीस,
अनेक आशीर्वाद व सलाम.

अम्माला विचारलं. मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, रस्ता सरकारचा आहे, हवं त्याने यावं. पुढचं तू विचारू नकोस म्हणालास, म्हणून मी गप्प बसले.

गल्लीत मात्र धमाल आहे. शेजारची नफीसा म्हणते की शाज़लीच्या मिशा खऱ्या की चिकटवलेल्या, ते मी एकदा ओढूनच बघणार. तिचा नवरा म्हणाला, आधी माझ्या ओढून दमलीस की!

मला धास्ती कालव्यापलीकडच्या ज़ैदानांची. बाबांना मारणारा तुरुंगात मेला, पण त्याचा बाप हाज अबू दैफ अजून जिवंत आहे, आणि वैर दोन्ही घरं धरून आहेत. माझी पोरं अजून कालव्याकडे एकटी जात नाहीत. तुझं नाव ऐकून कुणाचं डोकं फिरलं तर? उजेडी ये, उजेडी जा. नट झालास तरी तू अब्दुल मौजूदचाच मुलगा आहेस.

जेवत जा. काळजी आहेच.
वहीबा

कैरो, १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

बायका मंडपात नव्हत्या, म्हणून तुला सगळं लिहितो.

गालिचे अंथरले होते, कारी कुराण वाचत होते, बिनसाखरेची कॉफी फिरत होती. कॅमेरा समोरच्या गच्चीवर आडोशाला होता. गावकऱ्यांना मी समजावलं होतं की मालिकेतल्या म्हाताऱ्यासाठी यायचंय. पण जो तो माझा हात दाबून हळूच बाबांचं नाव घेत होता.

मग कालव्याकडून गाढवावर बसून हाज अबू दैफ आला. मागे त्याची माणसं, सगळ्यांचे हात रिकामे. मालिकेचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अब्दुल मौजूदच्या मुलाने मंडप घातला, एवढंच ऐकून तो आला होता. माझे सहकारी वर कुजबुजत होते म्हणे, की हा म्हातारा नट साहेबांनी आणला कुठून!

त्याने हात पुढे केला. तो घेतला की रक्त मिटलं, ताई. मी बिस्मिल्लाह म्हटलं आणि दोन्ही हातांनी घेतला. अल्लाह तुमचे कष्ट रुजू करो, हे सांत्वनाचं उत्तर मी मालिकेतला मुलगा म्हणून दिलं नाही. तो आत बसला, कॉफी प्याला आणि रडला.

पण रक्त मिटवण्याचा हक्क माझ्या एकट्याचा नाही, अम्माचा आधी. ती नको म्हणाली तर मी स्वतः कालवा ओलांडून त्याला सांगेन की तो खेळ होता. पुढे काय होईल ते तू जाणतेस. मालिकेतून ती फीत मी काढून टाकली. मालिकेत पैसे घातलेला भागीदार म्हणाला, मालिकेचं काळीजच काढलंस, आणि बोलणं टाकलं. आता संकलनाच्या खोलीत मी एकटा बसतो, नमाजाला तेवढा उठतो.

परतताना गाडी आपल्या दारावरून गेली. मी मान वळवली नाही.

अम्माचं म्हणणं कळव.
शाज़ली

दूमिया, २८ नोव्हेंबर

चि. शाज़लीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधीच इथे सगळं घडून गेलं. तू गेलास त्याच दिवशी, मावळतीच्या मगरिबच्या नमाजाआधी, अबू दैफच्या लेकीसुना काळ्या कपड्यांत आपल्या दाराशी आल्या. अम्मा आत नुसती उभी. मी कडीला हात लावला तर खेकसली, की हात काढ, हे दार माझ्या नवऱ्याने बसवलंय. मग तिने स्वतः कडी काढली.

त्यांच्यात बसून ती बाबांच्या नावाने रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. अबू दैफच्या सुनेने तिला धरलं होतं. रडून अम्माचा आवाज पार बसलाय. तेव्हा तुला कुणाकडे जायला नको. खेळ नव्हता तो.

पण तुझं नाव काही काढेना. मी रोज वाट पाहिली. शेवटी काल धीर करून विचारलं, की शाज़लीला ईदला बोलावू का? तर त्या बसलेल्या आवाजात माझ्यावरच उखडली. म्हणाली, मंडपाच्या तोंडाशी उभा राहून हात घेतो तो घरचा कर्ता. कर्त्याला कुणी बोलावणं धाडतं का, वेडे?

लोभ आहेच, तो इथे येऊन घे.
वहीबा