प्रेताने खाजवू नये

३ नोव्हेंबर
स्पर्धेच्या नाटकात आमचे दिग्दर्शक आप्पा यांनी मला प्रेताची भूमिका दिली. दुसरा अंक पूर्ण आडवा. संवाद नाहीत, म्हणजे सगळा भार अभिनयावर. मृणाली म्हणाली, घरी तेच करता, तालीम कशाला? बायकोला कला कळत नाही.

८ नोव्हेंबर
बोटांच्या बेचक्यांत, कमरेला भयंकर खाज. भूमिका अंगात भिनते आहे.

९ नोव्हेंबर
मृणालीच्या मते पित्त. बांगडे बंद. अंगभर आमसुलाचं पाणी चोळलं. सोलकढीसारखा दिसलो. मुंग्या आल्या, खाज गेली नाही.

१२ नोव्हेंबर
संकल्प: खाजवायचं नाही. खाज मनात असते. तालमीत मालनताई (नाटकातली माझी विधवा) छातीवर डोकं ठेवून रडत होत्या. त्यांच्या अंबाड्यावर हनुवटी घासून घेतली. आप्पा ओरडले, प्रेता, पड गप!

१६ नोव्हेंबर
स्किनचे डॉक्टर. खरूज म्हणे! कातडीत किडे बिळं करतात. मी म्हटलं, आमच्याकडे दोन वेळा आंघोळ असते. ते म्हणाले, किड्यांना ते माहीत नसतं. मानेपासून तळव्यांपर्यंत मलम, आठवड्याने पुन्हा. जवळच्या सगळ्यांनी एकाच रात्री. कपडे, चादरी गरम पाण्यात.
मृणालीला सांगितलं. तालमीत सांगितलं तर भूमिका जाईल. शिवाय प्रेताच्या जवळचं असं कोण असतं? माझ्यावरची चादर मधल्या सुट्टीत सगळे आळीपाळीने पांघरतात, तेवढंच.

२५ नोव्हेंबर
उतार आहे. आज सांगणारच होतो, पण आप्पा म्हणाले, प्रेत झकास पडतंय. त्यांचा मूड कशाला घालवा?

७ डिसेंबर
मालनताई मनगट खाजवत होत्या. बांगड्या काचत असतील. सलिल (नाटकातला माझा मुलगा) कंबर. नवा पट्टा असणार.

१४ डिसेंबर
प्रयोग. मी दगडासारखा पडलो. मालनताईंचा एक हंबरडा, एकदा खाजवणं, पुन्हा हंबरडा. सलिलने खांद्यावरचं मडकं खाली ठेवून दोन्ही हातांनी कंबर धरली. विंगेत आप्पा खांबाला पाठ घासत होते. लोक पोट धरून हसले. शोकांतिका आहे हो ही!

१५ डिसेंबर
निकाल. नाटक शेवटून पहिलं. मला मात्र अभिनयाचं उत्तेजनार्थ: ‘विलक्षण संयम’. सर्टिफिकेट घेऊन खाली आलो तर मंडळी वाट अडवून उभी. मालनताईंनी विचारलं, अख्खं घर खाजवतंय, एकटा मेलेलाच कसा हो बरा? मी म्हटलं, साधना. मृणाली म्हणाली, कसली साधना, गेल्या महिन्यात मलम नाही का लावलं आपण दोघांनी?

१७ डिसेंबर
सगळ्यांना ट्यूब नेऊन दिल्या. दारातूनच घेतल्या. पुढच्या नाटकात आप्पांनी मला पडदा ओढायला ठेवलंय, तोही हातमोजे घालून.
बेचक्यांत पुन्हा चुळबुळ. मोठ्या भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतो.