लालतोंड्यांचं घराणं

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मोज्यांचं पार्सल मिळालं. ऊब चांगली आहे, पण रंग अगदी ऑपरेशनच्या कपड्यांचा हिरवा आहे, त्यामुळे शिबिरात जो तो विचारतो की शस्त्रक्रिया कुणाची. एक जोड शिडीने पळवला. शिडी म्हणजे माझ्या खोलीतली मैत्रीण, गळ्यापर्यंत नुसते पायच असलेली. चालण्याच्या शर्यतीत ती गेली कित्येक वर्षं माझ्या मागोमाग दुसरी येते. इथे फोन फक्त रविवारी हातात देतात, आणि तू फोनवर इतकं ओरडतेस की मला काहीच ऐकू येत नाही. म्हणून पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. मी सांगेपर्यंत आईला सांगू नकोस. मला शर्यतींतून बाजूला ठेवलंय. आमचं रक्त वर्षभर अधूनमधून, न सांगता येऊन तपासतात. माझ्या रक्तात तांबड्या पेशी फार आहेत, अशी कुरकुर पहिल्यापासून होतीच. पण त्या नुसत्या जास्त असत्या तरी निभावलं असतं. माझ्या पेशी मध्येच उतरतात आणि पुन्हा चढतात. काही खेळाडू स्वतःचंच रक्त काढून फ्रीजमध्ये ठेवतात आणि शर्यतीच्या तोंडावर परत भरून घेतात, म्हणजे दम जास्त टिकतो. त्यांचा आलेख जसा दिसतो तसाच माझा दिसतोय. कोचबाईंनी मला समोर बसवून विचारलं की काही केलं असशील तर आत्ताच सांग. त्यांनाही विचारावंसं वाटलं, हे मला फार लागलं.

पुष्कळ डोकं खाजवल्यावर उजेड पडला. आत्या, मी घरी आले की आपण काय करतो? तुझ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात चहा पितो आणि मग वरच्या रक्तपेढीत जाऊन दोघी शेजारीशेजारी आडव्या होतो. आधी बाबा न्यायचे, ते गेल्यापासून तू नेतेस. डोकं जड झालं, कान तापले की रक्त देऊन मोकळं व्हायचं. आपल्याकडे हे केस कापून येण्याइतकं साधं, म्हणून मी कधी कुणाला सांगितलंच नाही. हे रक्त तपासणाऱ्या समितीच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले की या खेळात थेंबाथेंबासाठी लोक जिवाचं रान करतात आणि तू पिशवी भरून वाटून आलीस, हे मी मानू? रक्तपेढीने कागद दिला तरी रक्त काढलं एवढंच ठरतं, परत भरलं नाही हे ठरत नाही.

एकच वाट आहे. इतक्या पेशी आपल्या घराण्यातच जन्मजात आहेत, हे दिसलं तर बाकीचा आलेख त्यांना पटेल. बाबा नाहीत, आईच्या रक्ताचा इथे उपयोग नाही, राहिलीस तू. सोबतची चिठ्ठी घेऊन तिकडच्या प्रयोगशाळेत जा आणि नळीभर रक्त दे. नाहीतर चार वर्षं बंदी, आणि बंदी उठल्यावरही लोकांच्या लेखी मी चोरच. सप्टेंबरात निवडीची शर्यत आहे, तिच्याआधी हे सुटायला हवं.

माझ्यावरचा लोभ या वेळी जरा हाताशी ठेव.

तुझी,
भिंगरी


दि. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझं पित्त खवळलं. चोर म्हणे. तुझ्या बापाला एकदा बसमध्ये कुणाची तरी छत्री सापडली, तर ती परत द्यायला तो भर पावसात भिजत गेला. छत्री मिटलेली, कारण आपली नाही. अशा माणसाची मुलगी रक्त चोरेल? आणि तेही स्वतःचंच?

घराण्यात आहे का, असं ते विचारतात. त्यांना म्हणावं, आम्हाला येऊन बघा. शाळेत आम्हा बहीणभावांना लालतोंडी माकडं म्हणायचे. इथे कुणी नवीन बाई कामाला आली की आठवडाभरात कुजबुज सुरू होते की मोठ्या बाई पितात वाटतं. मी आपली सगळं वाफेवर ढकलते. मागच्या साहेबांनी तर मी जेवायला गेलेली बघून माझं कपाट उघडायला लावलं. बाटली सापडली, पण निळीची. त्यानंतर ते माझ्याशी फार अदबीने बोलायचे.

तर तुझं काम फत्ते झालं. मी काही तशीच उठून गेले नाही हं. महिनाभर डोक्यावर दगड ठेवल्यासारखं होत होतं, कानशिलं उडत होती. अशा अवतारात तुझ्यासाठी परीक्षेला कसं बसायचं? म्हणून आठवडाभर आधी वर जाऊन छान पिशवीभर रक्त देऊन आले. काय हलकं वाटलं म्हणून सांगू. प्रयोगशाळेत गेले तेव्हा आरशात तोंडसुद्धा चारचौघांसारखं दिसत होतं. ठेवणीतला निळा पोशाख घातला होता. तिथल्या मुलीने नळी भरून घेतली आणि म्हणाली की तब्येत चांगली राखलीय तुम्ही.

आता निर्धास्त हो आणि पोटभर जेव. आईला मी काही बोलले नाही, पण ती माझ्याकडे संशयाने बघते. ती नेहमीच बघते म्हणा.

मनात आठवण असू दे, आणि पायात मोजे.

तुझी,
आत्या


दि. १४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी तुझ्यावर रागावले आहे, हे आधीच लिहून टाकते.

अगं, पिशवीभर रक्त देऊन मग नळीभर द्यायला गेलीस? तुझा अहवाल आला. तुझ्या पेशी अगदी बेताच्या, नेमस्त, कुणाला त्रास न देणाऱ्या. डॉक्टर म्हणाले की घराण्यात तर काही दिसत नाही. मी तुझं पत्र वाचलं तेव्हा नळी रवाना झालेली होती. ज्याच्यामुळे मी अडकले नेमकं तेच तू केलंस, आणि वर निळा पोशाख घालून केलंस. मला आधी रडू आलं, मग हसू आलं, आणि आता पुन्हा राग आलाय.

मी डॉक्टरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. बाटलीच्या किश्श्याला ते हसले, या वेळी निराळं हसले. म्हणाले की अशी थाप कुणी जुळवून मारेल असं वाटत नाही, पण वाटण्यावर निकाल देता येत नाही. जूनच्या मध्यावर पुन्हा एक संधी आहे. तोवर तू थेंबभर रक्त द्यायचं नाही, डोकं कितीही दुखलं तरी. तुमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना मात्र अधूनमधून दाखवत राहा, आणि त्यांनी रक्त काढायलाच हवं म्हटलं तर काढ. शर्यत तुझ्याहून मोठी नाही.

आणखी एक गोष्ट मनात सलते आहे. शिडीशी बोलताना मी म्हटलं की निदान तुझा तरी माझ्यावर विश्वास आहे ना. ती म्हणाली की विश्वास पूर्ण आहे, पण समज तू खरी ठरलीस, तरी मला काय फरक पडतो? आम्ही दोघी एकाच वेळी उठतो, सारखंच चालतो, आणि शेवटच्या फेरीत तिचा दम संपतो, माझा उरतो. कुणी तो फ्रीजमधून घेतो, तू बापाकडून घेतलास, असं म्हणाली. ती भांडत नव्हती, थकली होती. तेव्हापासून रोज चालताना तेच मनात येतं की आजवर जिंकले ती मी, की माझं रक्त? बंदीची भीती वाटते तशी आता याचीही वाटते.

राग ओसरला की कळवीन. माया मात्र तशीच आहे.

तुझी,
भिंगरी


दि. ९ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. मी घोडचूक केली, आणि किती मन लावून केली.

आता पथ्य पाळते आहे. डॉक्टर दर पंधरवड्याला बघतात आणि काळजीचं नाही म्हणतात, पण डोक्यात दिवसभर घण पडत असतात. परवा चादरी दाबायच्या यंत्रावर खेकसले, त्याचं काही चुकलं नव्हतं. रक्तपेढीची नर्स मला जिन्यात गाठून विचारते की बाई, आमच्यावर रुसलात का. मी आता मागच्या जिन्याने जाते. शेवटी तुझ्या आईला सगळं सांगावं लागलं, कारण तिने माझं तोंड बघून डॉक्टरला बोलवायचा घाट घातला होता. ती माझ्यावर चिडली, तुझ्यावर चिडली, तुझ्या बापाच्या फोटोवरही चिडली, आणि मग माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवून बसली.

शिडीच्या बोलण्याचा मी कामावर बराच विचार केला. ती खोटं बोलत नाही. आपल्याला मिळालं ते नशिबाने, आणि नशीब काही मापून वाटलेलं नसतं. मी पण मेहनत करते हो, असं तिला ऐकवू नकोस. ती काय झोपा काढते? सरळ सांग की हो, हे मला फुकट मिळालं. तिचे पायही तिला फुकटच मिळाले, पण ते आधी तिला म्हणू दे, तू म्हणू नकोस.

पण भिंगरी, हेच रक्त माझ्या अंगातही आहे ना? त्याच्या जोरावर मी काय केलं? लिफ्ट बंद पडली की ओल्या चादरींचं गाठोडं चौथ्या मजल्यावर नेते आणि वर पोचल्यावर गप्पा मारू शकते, एवढंच. मग तुझ्यात आणि माझ्यात फरक पडला तो कशाने, ते तू बघ. फ्रीजमधलं रक्त दाराला कडी लावून भरावं लागतं. आपलं आपण नळीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवतो आहोत, आणि त्यासाठीच मी ही डोकेदुखी सोसते आहे. याच्या पलीकडचं मला सांगता येत नाही. कधी वाटतं की शिडीवर थोडा अन्याय आहेच, आणि तो तुलाही पुसता येणार नाही. मैत्रीण म्हणून तुला जे देता येईल ते दे.

उत्तर लवकर पाठव, रागाचं असलं तरी चालेल.

तुझी,
आत्या


दि. १७ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

दिलं. नळी बघूनच तिथली मुलगी म्हणाली की काय गडद आहे हो. मला इतका आनंद झाला की तिचा हात धरला. निळा पोशाख मुद्दाम घातला नाही. तुझी आई बरोबर होती, मी वाटेत रक्तपेढीत शिरू नये म्हणून.

तुझी,
आत्या


दि. २८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जुलैत समितीचा निकाल आला तेव्हा फोनवर आपण दोघी नुसत्या ओरडत होतो, म्हणून मधलं सगळं सांगायचं राहून गेलं. तुझ्या पेशी माझ्याहूनही वर निघाल्या. डॉक्टर म्हणाले की तुझी आत्या शर्यतीत उतरली नाही हे बाकीच्यांचं भाग्य. त्यांनी माझ्यावरचा ठपका पूर्ण काढून टाकला, आणि यापुढे रक्त द्यायचं झालं तर आधी कळवायचं, एवढी अट घातली. कोचबाई खोलीवर आल्या आणि माफी मागायला लागल्या. मला त्यांचा तो चेहरा बघवेना, मी त्यांना निवडीच्या शर्यतीचा सराव कधी सुरू करायचा ते विचारलं.

तुझं मे महिन्यातलं पत्र आलं त्याच दिवशी मी शिडीला सांगितलं की हो, मला हे फुकट मिळालंय. ती बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसली. मग म्हणाली की इतकी वर्षं हे कुणीतरी म्हणावं असं तिला वाटत होतं. त्यानंतर तिने तुझ्या डोक्याची चौकशी केली. तिला द्यायचं तरी काय, याचा मी विचार केला. रक्त देण्यात आपलं घराणं पटाईत आहे, पण ते तिच्या कामाचं नाही. मग तिच्या मागून चालून पाहिलं, तर वळणावर ती मोठी पावलं तशीच टाकते, बाहेर फेकली जाते आणि दर वळणाला दम वाया घालवते. मी वळणाच्या आधी पावलं लहान करते. ते मी स्वतः पडत धडपडत शिकले होते आणि कुणाला दाखवत नव्हते. तिला दाखवलं. तेव्हापासून आम्ही दोघी वळणंच घोटत होतो.

काल निवडीची शर्यत झाली. पंच वळणावळणाला पायांकडे डोळे लावून उभे, दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले की ताकीद. शेवटच्या फेरीपर्यंत आम्ही बरोबर होतो. माझ्या अंगात भरपूर दम होता, कुठे काही दुखत नव्हतं, फेब्रुवारीपासून मी रक्तपेढीची पायरीही चढले नव्हते. तरी शेवटच्या वळणावर ती आतून निघाली आणि मला पहिल्यांदाच तिची पाठ दिसली. मी जीव तोडून चालले, पण ती पाठ काही जवळ आली नाही. मी दुसरी आले. निवड पहिल्या दोघींची व्हायची होती, त्यामुळे जागतिक शर्यतीला आम्ही दोघीही जाणार आहोत. शिडी शेवटच्या रेषेपलीकडे दोरीला धरून रडत होती आणि मला हाताने बोलवत होती.

आत्या, मला वाटलं होतं की हरल्यावर मीही रडेन. पण उभ्याउभ्या माझ्या मनात आलं की रक्त तर आज सगळंच्या सगळं माझ्यात होतं, आणि तरी मी हरले. म्हणजे ते एकटं कधीच जिंकत नव्हतं. आधीच्या शर्यती मी जिंकले होते. मला इतकं हसू आलं की शिडीला वाटलं मला ऊन लागलं, आणि तिने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं.

आईला नमस्कार. तू आता खुशाल रक्तपेढीत जा, नर्सबाईंचा रुसवा काढ. तुझ्या आशीर्वादांची मला सवय झाली आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझीच,
भिंगरी