यात मागणी नाय

आप्पा, परवा मी त्या कॉलेजात मुलाखत देऊन आले. कुठलं कॉलेज, हे विचारायच्या आधी तुम्ही जाहिरातीचा कागद माझ्या हातातून घेतला असतात आणि खालून वर वाचायला लागला असतात, म्हणून मीही खालूनच सांगते. सगळ्यात खाली लिहिलंय की निवडीबाबत समितीचा निर्णय अंतिम राहील, त्याबद्दल पत्रव्यवहार केला जाणार नाही. त्याच्या वर, जागा बारा. त्याच्या वर, दोन वर्षं राहण्याजेवणाची सोय. आणि पार वर, लेखन शिकवणारा असा अभ्यासक्रम दुसरीकडे कुठे नाही, अर्जासोबतचं लेखन मराठीत असलं तरी चालेल. या 'तरी चालेल'पाशी मी दोन दिवस अडकून होते. चालेल म्हणजे खरंच आत ये म्हणतायत, की दारात उभी राहिलीस तर हाकलणार नाही एवढंच? तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, पण कागद हातात आला की त्यामागे कोण बसलाय आणि त्याला काय हवंय ते आधी शोधायची तुमची खोड माझ्या अंगात राहिली. आई म्हणते, बापानं पोरीला संशय तेवढा दिला, त्याच्या जागी चार गुंठे दिले असते तर बरं झालं असतं.

मी आता चौतीस वर्षांची आहे. महाडच्या एका शाळेत क्लार्क आहे, दाखले लिहिते, हजेरीपट तपासते, आणि दिवाळी अंकांत माझ्या चार गोष्टी छापून आल्यात. त्यातली एक आईला वाचून दाखवली, तर तिला झोप लागली. एवढ्या भांडवलावर आपण बारा जणांत बसतो का, याचा अंदाज मी महिनाभर घेत होते. दोघं तरी तिथल्याच कुणा प्राध्यापकाचे जुने विद्यार्थी असणार. निम्मे इंग्रजीत लिहिणारे, ते ठरलेलंच. एखाददुसरा आधीच पुस्तक आलेला. मग उरल्या दोनतीन जागा, आणि त्या फोटोत दिसायला हवीत अशा माणसांसाठी, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "तुला कसली काळजी? बौद्धवाडीत वाढलीस, नोकरी महाडात करतेस. चवदार तळ्यावर लिही, डोळे मिटून घेतील." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या, हे कळत होतं, तरी माझं डोकं फिरलं. डोळे मिटून घेणार असतील तर मी लिहिलेलं वाचणार कोण? तळ्यावर आपण दर मार्चला जायचो. ऊन, रांगा, निळे झेंडे, आणि पुस्तकांच्या स्टॉलवर तुम्ही, प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडून बघणारे. एकदा स्टॉलवाला वैतागून म्हणाला, "काका, पुढनं बघा की जरा." त्याच स्टॉलवरून तुम्ही मला निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घेऊन दिलीत. तर मी तळ्यावर लिहिलं नाही. तुमच्यावर लिहिलं. आणि मग तळं टाळलं ते ताठ्याने की लबाडीने, असा स्वतःचाही संशय घेतला.

'मी का लिहिते' या विषयावर हजार शब्द हवे होते. मी पोलादपूरच्या तहसील कचेरीबाहेरचं तुमचं टेबल लिहिलं, झेरॉक्सच्या दुकानाच्या वळचणीला टेकवलेलं, एक पाय आखूड असलेलं. लोकांचे अर्ज लिहिण्यात तुमचं आयुष्य गेलं. मी अकरा वर्षांची होते, शाळेला सुट्टी म्हणून तुमच्या शेजारी बसले होते. आंबेनळी घाटाकडच्या एका वाडीवरून म्हातारी आली होती, मुलांपासून वेगळं रेशनकार्ड हवं म्हणून. तुम्ही तिचं सगळं ऐकून घेतलंत, त्यातलं अर्धं टाकून दिलंत आणि अर्ज एका पानात बसवलात. मी वाचून म्हटलं, "आप्पा, तालुका लिहायचा राहिला." तुम्ही टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिलात. आत गेलो तर कारकून नेमका तिथेच थांबला. "तालुका कुठाय? इतकी वर्षं अर्ज लिहिता आणि तालुका विसरता?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चुकलं साहेब." त्याने आपल्या पेनाने पोलादपूर लिहिलं, खूश झाला आणि पुढे पाठवायची सही ठोकून दिली. बाहेर आल्यावर तुम्ही मला सांगितलंत, "त्याला कायतरी सापडाया पायजे, बाय. नाय सापडलं तर तो शोधत बसतो, आणि शोधत बसला की नको ते सापडतं. पण चूक अशी ठेवायची, की तिचं उत्तर त्याला ठावं असल." आणि पोच घेतल्याशिवाय, म्हणजे कागद मिळाल्याची सही आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय, कचेरी सोडायची नाही. ती प्रत लोक हरवतात म्हणून तुम्हीच सांभाळायचात. तुमची खाकी पिशवी साऱ्या तालुक्याच्या प्रतींनी फुगलेली असायची.

हे सगळं निबंधात छान उतरलं, आणि म्हणूनच मला भीती वाटली. काहीच खटकलं नाही तर ते शोधत बसतील. म्हणून मीही एक चूक ठेवली. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

सव गावच्या कुंडावरचा दिवस तुम्हाला आठवतो का? मी चौदाची आहे. लिहून लिहून तुमचं मनगट सुजलंय आणि कुणीतरी सांगितलंय की सवच्या गरम पाण्यात हात धरा. तुम्ही कडेला बसलायत, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात, वाफेने चष्मा धुरकटलेला, आणि मी निळी वही तुमच्या डाव्या हातात देते. त्यात माझी पहिली गोष्ट आहे. एका मुलीला वाटतं की कुंडाच्या पाण्याखाली कुणीतरी चूल पेटवून बसलंय, आणि ती त्याला शोधायला निघते. तुम्ही वही मांडीवर ठेवून शेवटचं पान उघडता. मग त्याच्या आधीचं. मग त्याच्या आधीचं. पार पहिल्या पानापर्यंत जाऊन म्हणता, "यात मागणी नाय." मला काही कळत नाही. "हे कोणाकडं द्यायचं हाय?" मी म्हणते, कोणाकडे नाही. "मग पोच कोण देनार?" एवढंच बोललात तुम्ही. वही पिशवीत टाकलीत आणि पुन्हा मनगट चोळत बसलात. परतताना एसटीत मी तुमच्यापासून दोन सीट पुढे जाऊन बसले. वही मी मागितली नाही, तुम्ही दिली नाहीत. कोरी पानं वाया जाऊ देणारे तुम्ही नव्हतात, तेव्हा ती कच्चे अर्ज लिहायला फाडलीत अशी माझी खात्रीच होती. त्यानंतर पाच वर्षं तुम्ही होतात आणि मी तुम्हाला एक ओळ दाखवली नाही. मला तुमचा राग आला होता, आप्पा. तो तुमच्याबरोबर गेला नाही.

निबंधात मी लिहिलं की वडिलांनी गोष्ट वाचली, म्हणाले, "ही प्रत सांभाळून ठेवायला हवी," आणि आपल्या पिशवीत सगळ्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवून दिली. ही माझी चूक. तुमच्या नियमात न बसणारी, कारण तिचं उत्तर त्या समितीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलाखतीला तिघं होते. एक गृहस्थ मी काहीही बोलले तरी हसत होते, म्हणून मला सगळ्यात जास्त संशय त्यांचाच आला. त्यांनीच विचारलं, "महाडकडच्या आहात आणि तळ्यावर काहीच नाही?" मी म्हटलं, "मार्चमध्ये जातो आम्ही. पुस्तकं घेतो." त्यांनी ते लिहून घेतलं. एक तरुण बाई होत्या, त्या सारख्या घड्याळ बघत होत्या. तिसऱ्या वयस्कर बाईंनी माझे कागद उचलले आणि शेवटचं पान वर घेतलं. त्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाल्या, "ती प्रत आहे का तुमच्याकडे? बघायला आवडेल आम्हाला." चांगुलपणाने विचारत होत्या की पकडत होत्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, "नाही. महाडच्या पुरात गेली." तिघांच्या माना खाली गेल्या. हसणाऱ्या गृहस्थांचं हसू थांबलं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहीत होत्या.

तुम्ही तो पूर बघितला नाहीत. महाडातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत पंख्यापर्यंत पाणी होतं. मी पोलादपूरला आईकडे होते म्हणून वाचले. गादी, कपडे, भांडी, सगळं गेलं, ते खरंच गेलं. पण तेव्हापासून महाडात कुठलाही कागद मागा, तो पुरात गेलेला असतो. शाळेच्या खिडकीशी लोक दुसरा दाखला मागायला येतात आणि मी प्रत्येकाची उलटतपासणी घेते. घर कुठल्या आळीत, पाणी कुठवर आलं, पंचनाम्याची प्रत आणा. एका माणसाला मी तीनदा परत पाठवला, कारण त्याचं घर चढावर आहे हे मला माहीत होतं. शेवटी तो म्हणाला, "म्याडम, दाखला कधी काढलाच नव्हता. पन नव्हता म्हटलं तर तुम्ही हजार गोष्टी इचारनार. पुरात गेला म्हटलं तर मानसं ऐकून तरी घेतात." परवा त्या खोलीत मी तोच माणूस झाले. तुमची पिशवी पोलादपूरच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली आहे. तिथे पुराचा थेंबही आला नाही.

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. "घेतील काय गो?" म्हणाली. मी म्हटलं, "घेतलं तर पुरामुळे घेतील, आणि नाही घेतलं तर पूर खोटा आहे हे कळलं म्हणून." मग तिला सगळं सांगावं लागलं. तिने शांतपणे भाकरी उलटली.

"निळी वही ना? ती हाय की पिशवीत."

तुम्ही गेल्यावर वर्षभर लोक आपापल्या प्रती न्यायला येत होते, तेव्हा मी महाडला हॉस्टेलवर होते. आईला वाचता येत नाही, म्हणून ती पिशवीच त्यांच्यापुढे धरायची. "ज्याचं त्यानं वळखून नेलं," ती म्हणाली. "ती एक वही उरली. कोण न्यायाला आला नाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कधी? मला वाटलं आसल कोणाची, येल न्यायला."

मी पिशवी काढली. वही खालून वर वाचली, शेवटच्या पानापासून. एकही पान फाडलेलं नाही. जिथे माझी गोष्ट संपते, तिथे खाली तुमच्या तिरक्या अक्षरात एक ओळ आहे. "तरी वरील मजकुराचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती." त्याखाली उजव्या हाताला, अर्जदाराने सही कुठे करायची ते दाखवायला तुम्ही पेन्सिलीने करायचात, तशी बारीक फुली. ही थट्टा होती, की हाताची सवय, की माझी गोष्ट अपुरी वाटली म्हणून तुम्ही ती खरंच पुरी करून दिलीत? हे तुम्ही मला का दाखवलं नाहीत, की मी वही मागायला येईन म्हणून वाट बघत होतात? मी या सगळ्याचा तासभर संशय घेत बसले आणि मग रडले. आई म्हणाली, भाकरी गार होते.

यादी सोमवारी लागणार आहे. काल मी कॉलेजला दुरुस्तीचा अर्ज लिहिला, की वही पुरात गेलेली नाही, ती माझ्याकडे आहे, आणि वडील जे म्हणाले असं मी लिहिलं, तसं ते कधी म्हणाले नाहीत. ते काय म्हणाले, तेही लिहिलं. एका पानात बसवला. तालुका घातला. एकही चूक ठेवली नाही. पुरात गेलेला कागद सापडला, असं महाडातून आजवर कुणी कळवलं असेल असं मला वाटत नाही. वहीतल्या फुलीवर मी आज सही केली. या दुसऱ्या अर्जावर केलेली नाही, तो अजून पिशवीतच आहे, आणि यादी लागेपर्यंत सही करणारही नाही, हे फक्त तुम्हाला सांगते.