वाळल्यावर ये

एक फळी टाकायला तुम्हाला काय झालं होतं, तेवढं आधी सांगा. नमस्कार त्यानंतर. दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरचा तुमचा फोटोसुद्धा पिवळा पडला. तुम्ही गेलात ते वय मी कधीच मागं टाकलं. तेव्हा वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं हे मला शिकवू नका, इथं वडीलधारी आता मीच आहे. चौथीपर्यंत शाळेत घातलंत, त्यातली अक्षरं तेवढी उरलीत, त्यांच्यावर भागवते. लिहायला बसले कारण परवा रविवारी माझ्या घरात, माझ्या चहाचा कप हातात धरून धाकट्या भावानं तुमचं नाव काढलं. म्हणाला, "आक्का, दादा असते तर असलं चाललं नसतं." बाप म्हणून तुम्ही काय करायचात हे त्यानं ऐकलेलं आहे. मी ते दारात उभं राहून बघितलेलं आहे.

तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी फरश्या बसवल्यात. आज शनिवार पेठेत कुणाचा दिवाणखाना, उद्या कॅम्पात कुणाची बाल्कनी, आणि हडपसरला आपल्या घरात आई शेणानं सारवतेय. माझं लग्न होऊन दीड-दोन वर्षं झाल्यावर कुठं तुम्हाला आपलं घर आठवलं. नेमकी त्याच दिवसांत मी सासरहून निघून आले. दुपारची वेळ. हातात एक पिशवी, त्यात दोन लुगडी. दारात आले तर समोर अख्खी खोली शहाबादी फरशीनं भरलेली, कडेला ताणलेली दोरी, आणि तुम्ही उकिडवे बसून थापीनं शेवटची ओळ लावताय. वर बघितलंत, पिशवी बघितलीत. "काय काम काढलंस?" मी म्हटलं, "मला नाही राहवत तिथं." तुम्ही पुन्हा मान खाली घातलीत. म्हणालात, "माल ओला आहे. पाय ठेवू नको. वाळल्यावर ये." बस. एवढंच. रागावला नाहीत, ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी काहीतरी बोलले तरी असते. ओल्या सिमेंटशी काय भांडायचं?

पण फळी होती, दादा. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत तुम्ही लांब फळी टाकलेली होती, तुमचा गडी तिच्यावरून घमेली नेत होता. मी आत येणार म्हटल्यावर ती तुम्ही तुमच्या हातानं ओढून घेतलीत. मी पायरीवर बसून राहिले. पलीकडं स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हाताला पीठ. माझ्याकडं बघत होती. थोड्या वेळानं तिनं फडक्यात भाकरी आणि कांदा बांधला, गड्याला खुणावलं, त्यानं फळी परत टाकली आणि भाकरी माझ्या हातात आणून दिली. भाकरी फळीवरून आली. मी नाही गेले. शेवटच्या गाडीनं सासरी परत गेले, आणि फरशी वाळली तेव्हा यायचं कारण उरलं नव्हतं. लोक म्हणतात संसार केला. केला. चार माणसांसारखा झाला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुमचा जावई पुढं सुधारला, म्हातारपणी तर माझ्या हातचा चहा असल्याशिवाय उठत नसे. पण तो सुधारेल हे तुम्हाला त्या दुपारी ठाऊक होतं, असं कुणी मला सांगू नये.

आता माझ्या लेकीचं ऐका. तिला कात्रजला दिली आहे. मुलगा शिकलेला, कंपनीत कामाला, तोंडानं गोड. एवढं सगळं असताना महिन्यापूर्वी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर लेक आणि नात. नात तिसरीत आहे, दप्तर पाठीला, पण वेळ शाळेची नाही. लेकीच्या हातात मोठी बॅग. आणि माझ्या तोंडातून निघालं काय, तर "किती दिवस?" लेक म्हणाली, "बघू." मी बाजूला झाले, त्या आत आल्या. त्यानंतर आठवडाभर मी वाट बघितली की ती आपण होऊन सांगेल. ती भाजी निवडायची, कपडे वाळत घालायची, मोबाईल वाजला की पालथा ठेवायची. विचारायचं मला सुचलं नाही असं नाही. पण विचारलं नाही. आपल्या घरात कुणी कुणाला विचारत नाही, कळतंच असं धरून चालतात. तुमच्याकडूनच आलंय ते.

मला कळलं ते नातीच्या खेळामुळं. तिनं दप्तरात पुस्तकं कमी आणि एक खोका घालून आणला होता. तुम्हाला आवडला असता हा खेळ, म्हणून सांगते. पुठ्ठ्याच्या जाड जाड पट्ट्या, म्हणजे फरश्याच म्हणा ना. प्रत्येक पट्टीचे दोन भाग. एकावर पिवळं शेत असेल तर दुसऱ्यावर हिरवं रान, नाहीतर निळं पाणी, कुठं कुरण, कुठं खाण. मध्ये आपला छोटा किल्ला ठेवायचा आणि त्याच्या भोवती पट्ट्या लावत राज्य वाढवायचं. कड कडेला जुळली पाहिजे, शेताला शेत, पाण्याला पाणी. राज्याच्या ठरलेल्या चौकोनाच्या बाहेर जायचं नाही. कुठंच बसत नसेल तर ती पट्टी फेकून द्यायची. आणि एक गंमत अशी, की ज्यानं चांगली पट्टी उचलली त्यानं पुढच्या वेळी शेवटी उचलायची. हा न्याय मला फार आवडला. पाव तासात डाव संपतो. मला पहिल्याच डावात जमलं. मी पाच-सहा वर्षांची असताना तुम्ही कामावरून फुटक्या रंगीत फरश्यांचे तुकडे आणायचात, ओसरीवर माझ्यापुढं ओतायचात आणि म्हणायचात, आधी कडा बघ, रंग नंतर. तेवढी एक गोष्ट तुम्ही मला दिलीत, ती कामाला आली. नाही म्हणत नाही.

नात मात्र भरभर खेळते. माझा हात पट्टीवर जातोय तोवर हिची लावून झालेली. मी म्हटलं, "अगं, बस पकडायचीये का तुला? जरा दम खा."

"सवय आहे गं आजी. बाबा यायच्या आत संपवावा लागतो ना." मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे तिकडं. इथं नाही."

"आणि नाही संपला तर?"

"जिन्यात बुटांचा आवाज आला की आई सगळं गोळा करून गादीखाली टाकायची. एकदा माझा किल्ला बाहेर राहिला." तिनं आपल्या राज्याच्या मध्यभागी बोट दाखवलं. तिथं बाटलीचं झाकण होतं. मला आधी वाटलं, हरवला असेल, पोरांचं काय. "तो बाबांनी पायाखाली घेतला. आता हाच किल्ला. चालतं."

मी म्हटलं, "दिवसभर घरातच खेळायचात? आईनं खाली न्यायचं की बागेत."

पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिच्याकडं पाढे चुकल्यावर बघते. म्हणाली, "कुलूप बाहेरून असतं, आजी. आतून कसं उघडणार? शाळेत जायला आणि यायला बाबा उघडतात. त्या दिवशी तेवढं लावायचं विसरले. तुझा टर्न आहे."

माझ्या हातात पट्टी होती, ती मी कुठं लावली मला आठवत नाही. चुकीचीच लावली असणार, कारण नात म्हणाली, "नाही बसत तिथं, उचल." डाव संपवला. मध्येच उठले असते तर पोरीला वाटलं असतं, आपण काहीतरी बोलायला नको ते बोललो. मग स्वयंपाकघरात गेले. लेक मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले, जुडी ओढून घेतली. "कुलूप घालून जायचा?"

तिनं वर बघितलं नाही. "कुणी सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"तू दार उघडल्याउघडल्या विचारलंस, किती दिवस. त्याचं उत्तर मला येत नव्हतं. बाकीचं तू विचारलंच नाहीस."

दादा, मला आयुष्यात पुष्कळ लोक बोलले. सासू बोलली, नणंदा बोलल्या, पेठेतल्या बायका ज्यांच्याकडं मी पोळ्या करायला जात होते त्यांनी तर पोळीला पदर सुटला नाही म्हणूनही ऐकवलं. त्यांना मी तिथल्या तिथं परत केलं. हिला काय परत करणार? आम्ही दोघींनी मेथी निवडली. देठसुद्धा निवडले, इतकी निवडली.

परवा रविवारी धाकटा माझ्या जावयाला घेऊन आला. आदल्या दिवशी फोन केला होता, की बसून बोलू, मिटवून टाकू. तुमचा धंदा त्यानं वाढवलाय, आता फरशीला हात लावत नाही, माणसं लावतात. हातात अंगठ्या, गाडी खाली लावायला जागा नाही म्हणून वर येईपर्यंत कुरकुर. मी मुद्दाम नातीला घरात ठेवलं नव्हतं, पण शेजारी जाते म्हणून गेलेली पोर बाबांचा आवाज ऐकून परत आली आणि टीपॉयवर आपला डाव मांडून एकटीच दोघांचं खेळत बसली. तेवढ्यात मी चहा घेऊन आले. धाकट्यानं ट्रेला जागा करायला म्हणून हात फिरवला, सगळी शेतं, रानं, तळी एका झटक्यात बाजूला. "उचल गं हे. मोठी माणसं बोलतायत."

पोर रडली नाही. लगेच खाली वाकून भराभर पट्ट्या गोळा करायला लागली, आणि गोळा करताना नजर कुठं, तर गादी कुठं आहे ते शोधतेय. माझ्या घरात, दादा. इथं कुणी तिला काही म्हटलं नव्हतं, तरी तिचे हात चालायला लागले. ते हात बघितले आणि माझं काय करायचं ते ठरलं. बाकीचं बोलणं नुसतं व्हायचं राहिलं होतं.

मी ट्रे खाली ठेवलाच नाही. नातीला म्हटलं, "परत मांड. जसं होतं तसं. घाई नाही."

धाकटा म्हणाला, "आक्का, चहा कुठं ठेवायचा?"

"हातात. पडायचा नाही, कमावता हात आहे तुझा."

दोघांच्या हातात गरम कप दिले. जावई कप या हातातून त्या हातात करत म्हणाला, "आई, तुम्ही तिला समजवा. आमचा एरिया तुम्हाला माहीत नाही. मी सेफ्टीसाठी कुलूप लावतो. उद्या काही झालं तर तुम्हीच मला विचाराल."

"मग चावी आत ठेवून जायचं होतंस."

त्यानं धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं घसा साफ केला. चुकतं माणूस, पोरीचं तोंड बघायचं, शाळा बुडतेय, लोक विचारायला लागलेत, आणि मग तुमचं नाव, दादा असते तर. मी म्हटलं, "दादा नाहीत. मी आहे." आणि लेकीकडं वळले. ती दाराला टेकून उभी होती, पदराशी खेळत होती, तिला वाटत होतं की आता आम्ही तिघं मिळून काय ते सांगणार. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" नात पट्ट्या लावत होती. मला वाटलं आता म्हणेल, जाते. तिनं आधी पोरीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. म्हणाली, "मला नाही जायचं." आवाज इतका लहान की धाकट्यानं "काय?" म्हणून विचारलं. तेव्हा मोठ्यांदा म्हणाली.

जावई कप जमिनीवर ठेवून गेला. जाताना म्हणाला, बघून घेईन. घेऊ दे. तो परत येईल, वकील आणेल, धाकटा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलणार नाही, आणि नातीच्या शाळेचं काय करायचं हे अजून कुणाला कळत नाही. मला भीती वाटत नाही असं कुणी समजू नये. रात्री झोप लागत नाही. पण माझ्या दाराचं बाहेरचं कुलूप मी दिवसातून दोनदा हात लावून बघते, आणि ते उघडं असतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं, मी वेडी नाही. पण एक कबूल करते, इथं दुसरं कुणी वाचत नाही म्हणून. त्या दुपारी मला कुणी विचारलं असतं, तुझं काय म्हणणं आहे, तर मी काय सांगितलं असतं हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित आपण होऊनच परत निघाले असते. तरी विचारायला हवं होतं. आई बघत होती, दादा, तिला सगळं दिसत होतं, आणि तिनं भाकरी बांधली. का, ते मला तिच्याकडून हवंय. तेव्हा याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. तुम्हाला जे बोलायचं होतं ते तुम्ही दारात बोललात. आईही आता तिकडंच आहे, तिला पुढं बसवा, पिठाचे हात धुऊ द्या, आणि तिलाच बोलू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.