सासरेबुवांच्या भुवया आणि मोरीतला वायू

प्रिय मामा,

तुम्हाला वाकून नमस्कार, मामीला घट्ट मिठी. तुमचा खोकला थांबला का? मामी जिना चढते का आता? आम्ही सगळे जिवंत आहोत. (एरवी हे वाक्य मी पत्रात घालत नाही. आज मुद्दाम घातलंय.)

त्याचं असं झालं, आमच्या ह्यांनी भंगारवाल्याकडून सायकलचा जुना, कार्बाइडवर चालणारा दिवा आणला. (जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही, म्हणून आता आम्हीच वर्ग.) सोबत कुठूनसे डबाभर करडे खडे. खड्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन नावाचा वायू निघतो, तो पेटवायचा, की झाला उजेड. वायू अगदी साधा म्हणे, दोन कार्बन, दोन हायड्रोजन. पण ते दोन कार्बन एकमेकांना तीन-तीन हातांनी धरून असतात, त्यामुळे बिचारे कायम चिडलेले. (आमच्या लग्नाबद्दल बोलताहेत की काय, असं मला क्षणभर वाटलं.) दिवा पेटला खरा, पण उजेडापेक्षा काजळीच जास्त, आणि ती सगळी सासूबाईंच्या नव्या पडद्यावर! ह्यांची पाठ वळताच त्यांनी डबा उचलला, सगळे खडे मोरीत ओतले आणि वर दोन बादल्या पाणी.

मोरी पोटात कळ आल्यासारखी गुरगुरायला लागली. घरभर लसणासारखा वास सुटला. सासूबाई म्हणाल्या, शेजारणीचं काहीतरी करपलं असेल. ह्यांनी मात्र एकदा हुंगलं आणि तोंड पांढरंफटक! "खिडक्या उघडा! कुणीही कुठलंही बटण दाबू नका!" आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सासरेबुवा तेवढे कानांनी मंद, आणि अंगणात बसलेले. त्यांनी शांतपणे विडी पेटवली आणि जळती काडी सवयीने गटाराच्या झाकणाच्या भोकात टाकली.

मामा, तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. लोखंडी झाकण उडालं ते थेट फाटकावर, आणि अख्खं फाटक बिजागरीसकट रस्त्यावर आडवं. धूर विरला तर सासरेबुवा खुर्चीतच, काळेठिक्कर, भुवया गायब, विडी तोंडात तशीच. पडलेल्या फाटकाकडे बघत त्यांनी विचारलं, "कोण आलंय?"

मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. हे धावत गेले, ओल्या पंच्याने त्यांचं तोंड पुसू लागले आणि लहान मुलासारखे रडले. एवढा स्फोट होऊनही एक अक्षर रसायनाचं बोलले नाहीत. सासूबाई दारातच बसल्या. "मी मारलं असतं हो ह्यांना," एवढंच म्हणत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, भुवया उगवतील. दिवा त्याच दिवशी भंगारात परत गेला. या घरात त्या वायूचं नावसुद्धा घ्यायचं नाही असं ठरलंय, आणि सगळ्यांत जोरात मान मी हलवली आहे. तुम्ही उमेदीची सगळी वर्षं जळत्या नळ्यांपाशी वेल्डिंग करत काढलीत, मामीने तुम्हाला घराबाहेर पडू तरी कसं दिलं?

तुमची (अजून धडधडणारी) भाची

ता. क. फाटक जोडायला काल वेल्डरबाई आल्या होत्या. त्यांच्या सिलिंडरमध्येही तोच वायू निघाला! मी किंचाळणारच होते, तेवढ्यात त्यांनी काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. ऑक्सिजन मिसळल्याबरोबर ती पिवळी, काजळणारी ज्योत सुईसारखी निळी झाली आणि लोखंड तुपासारखं वितळलं. मामा, मी श्वास घ्यायला विसरले.

ता. क. २. तुमची जुनी नळी आणि चष्मा आहे ना अजून? शुक्रवारी येते. शिकवा मला. इथे कुणाला कळवू नका. फाटक आता भक्कम आहे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज कालपासून मला फारच सैल वाटू लागलेत.