उजवा कोपरा

६ डिसेंबर १९९८, रविवार

महिपतशी आज पुन्हा वाजलं. भर मैदानात, पोरींच्या समोर! म्हणाला, "बाई, राहीला कोपऱ्यातून काढा. चढाईची पोर ती. पकडीच्या वेळी तिला मधे कुठंतरी लपवून ठेवायची, कोपरा हौसाला कायमचा देऊन टाकायचा. सगळे संघ असंच करतात."

सगळे करतात म्हणून मी करणार नाही.

"दुभती म्हैस कोण नांगराला जुंपतो काय?"

"ती मुलगी आहे महिपत. म्हैस नाही."

पोरी फिदीफिदी हसल्या. हौसाचा आवाज सगळ्यांच्या वर — "म्हंजे नांगराची ती मीच ना, दादा?"

महिपत वाईट माणूस नाही. मुरबाड डेपोत मेकॅनिक आहे, हात ग्रीसने काळे, तसाच मैदानावर येतो. स्वतः चांगला खेळायचा. पोरींना चढाई त्यानेच शिकवली. पण त्याला एक कळत नाही. कोपरा ही मार खायची जागा. समोरची चढाई करत आली की तिच्या घोट्यावर झेप घ्यायची आणि ती पडणार ती आपल्याच अंगावर. टाळ्या चढाईवालीला, खरचटणं कोपऱ्याला. म्हणून संघ काढला त्या वर्षीच मी नियम केला — सावड. लावणीला जशी सावड घालतात, आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या, तसा उजवा कोपरा. अर्धा सामना एकीने, अर्धा दुसरीने, पुढच्या सामन्याला पुढच्या दोघी. कोणालाही सूट नाही. चौदा वर्षं चाललंय.

राहीने स्वतः सूट मागितली का? नाही. ती गुपचूप मैदानाला पाणी मारत होती.

९ डिसेंबर

राहीचा बाप लखमा शाळेत आला. टोकावड्याच्या वरच्या पाड्यावरून चालत, मग जीपने. खुर्चीवर बसेना. दारातच उभा.

"बाई, पोरीला पावनं येतान. तुमी बोललात म्हून थांबलो. आता किती दिस?"

मी सांगितलं, चोवीस जानेवारीला ठाण्याला जिल्ह्याची निवड चाचणी आहे. नाव आलं की राज्याचे सामने. तिथे रेल्वेवाले बघायला येतात. बारावी झाली की नोकरी.

"आन नाव नाय आला त?"

"येईल."

"आला त थांबतो. नाय आला त वैशाखात उरकतो."

चोख माणूस. मला अशी बोलणी आवडतात. नाव येणारच! या तालुक्यात, शहापुरातसुद्धा, तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी मी पाहिलेली नाही.

१४ डिसेंबर

राहीने गुडघ्याला फडकं गुंडाळलं होतं — टीव्हीवरचे खेळाडू बघून! सगळ्यांसमोर सोडायला लावलं. काही झालेलं नाही, नुसते नखरे. शिस्त बसली.

२० डिसेंबर, रविवार

टोकावड्याला मैत्रीचा सामना. जिंकलो, एकवीस गुणांनी.

राहीची ती एक चढाई! इतर पोरी 'कबड्डी कबड्डी' ओरडतात. ती पुटपुटते, घरात काहीतरी शोधत असल्यासारखी. डावीकडे गेली, थांबली, सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या — आणि तिघींना शिवून ती रेषेवर परत! कडेला एक म्हातारा होता, तो म्हणाला, "ए, हिला कायतरी खायाला द्या रे. अंगावर कायच नाय, धरायचा कुठं?" सगळं मैदान हसलं. तीही हसली. तोंडावर हात ठेवून.

दुसऱ्या डावात कोपरा तिचा होता. सांगावं लागलं नाही, आपणहून जाऊन उभी राहिली. जरा रमतगमत गेली एवढंच. एक पकड चुकली.

एसटीत परत येताना पाय लांब करून बसली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत. "पाय जवळ घे, एसटी काय तुझ्या घरची आहे?" म्हटलं. घेतला.

३ जानेवारी १९९९

थंडी. करंगळी दुखते आहे. ही डाव्या हाताची वाकडी करंगळी, एकसष्ट साली मोडली, कॉलेजात. तीन वर्षं मी उजव्या कोपऱ्यात उभी होते. तेव्हा मुलींची कबड्डी बघायलाच कोणी यायचं नाही, जे यायचे ते आमच्या चढाईवालीला बघायला. तिला पकडीत हातही लावू देत नसत. "तिला जप" — सर मलाच सांगायचे. मी जपलं. वर्तमानपत्रात फोटो आला त्यात ती मधे. मी त्यात आहे, असं मीच लोकांना सांगत असे. खांदा दिसतो.

सामना संपला की ती ओंजळभर पाणी प्यायची आणि आम्हाला बोलवायची, "चला गं." राग नव्हता. आजही नाही.

आहे थोडा.

महिपत म्हणतो, "बाई, तुमी नेम करताय तो कुनासाठी?" मी म्हटलं, हौसासाठी. हौसाने कधी मागितला नाही म्हणतो.

१० जानेवारी

वाशिंदला सामना होता. तिथून कल्याणला दवाखान्यात. राही तिथेच आहे. आज लिहिणं होत नाही.

१२ जानेवारी

लिहायला हवं. जसं झालं तसं.

दुसरा डाव. आम्ही चौदा गुणांनी पुढे. साडेतीन मिनिटं राहिली होती. कोपरा राहीचा. महिपत माझ्या खुर्चीमागे आला, वाकून म्हणाला, "बाई, जिंकलो आपण. आता तिला काढा. हौसाला घाला कोपऱ्यात. चाचणी चौदा दिवसांवर आलीय."

मी म्हटलं, "तीन मिनिटांसाठी नियम मोडायचा?"

"बाई, पाया पडतो."

"मग हौसाला काय सांगू? तू मोडलीस तर चालेल?"

तो मागे जाऊन उभा राहिला. मला बरं वाटलं. हेही लिहिते — मला बरं वाटलं. मी बरोबर बोलले असं वाटलं.

त्यांची उंच मुलगी चढाईला आली. राहीने घोट्यावर झेप घेतली. पकड स्वच्छ होती. ती मुलगी उलटी फिरली आणि दोघी पडल्या, ती वर, राहीचा पाय खाली, भलत्याच बाजूला. सगळे म्हणतात मोठा आवाज झाला. मला ऐकू आला नाही. शिट्टी ऐकू आली. पंचांनी गुण आम्हाला दिला. राहीने घोटा सोडलेला नव्हता. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती सोडवणारी हौसा — "सोड गो बाय, मिलाला गुन. सोड."

पंधरा गुणांनी जिंकलो.

जीप मिळेपर्यंत महिपतने तिला उचलून धरलं होतं. ग्रीसचे डाग तिच्या गणवेशावर.

१३ जानेवारी

डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, हाड शाबूत आहे, पण गुडघ्याला आतून बांधून ठेवणाऱ्या दोन दोऱ्या, त्या तुटल्या आहेत. चालेल. घरातलं करेल. उकिडवं बसायला त्रास होईल. खेळणं विसरा.

मग त्याने विचारलं, "याआधी सूज, दुखणं, पडणं — काही?"

मी सांगितलं, "काही नाही. रोज माझ्या डोळ्यांसमोर असते."

त्याने तसं लिहून घेतलं. राही माझ्याकडे बघत होती. मला वाटलं तिला पाणी हवंय. पाणी दिलं.

१४ जानेवारी

संक्रांत. शाळेत मुली तिळगूळ द्यायला आल्या. गोड बोला म्हणाल्या!

२४ जानेवारी, रविवार

ठाण्याला चाचणी. पाच मुली घेऊन गेले. महिपत आला, पण दुसऱ्या बाकावर बसला.

हौसाचं नाव आलं. उजवा कोपरा म्हणून! निवड करणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "अशी कोपऱ्याची मुलगी आम्ही शोधतच होतो." अडतीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. ऐकलं, आणि मुलींच्या पिशव्या मोजायला लागले.

हौसा नळावर जाऊन रडली. मी गेले. म्हणाली, "ह्यो राहीचा नंबर हाय, बाई. मी नाय जायाची." मी तिला ओरडले. ओरडणं तेवढं मला जमतं. मग तिचं तोंड माझ्या पदराने पुसलं.

७ फेब्रुवारी

महिपत घरी आला. महिन्याने. चहा घेतला.

"बाई, चढाई करतानापण पाय मोडला असता."

"मोडला असता. पण मोडला नाही. तू सांगत होतास आणि मी ऐकलं नाही."

"खेळ हाय ओ. मी तरी काय, जिंकायच्या पायी बोलत व्हतो. तिच्या पायी नाय."

माणूस समजूत घालायला आला होता. मी त्याला नीट घालू दिली नाही.

तो गेल्यावर दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, वर्गात वादविवादाला मांडतो तशा. चांगल्या खेळाडूला जपावं, कारण ती एकदा गेली की संघ गेला. चांगल्या खेळाडूला सूट देऊ नये, कारण मग बाकीच्या सहा जणी कशासाठी पडतात? दोन्ही बाजू भक्कम आहेत. अजूनही! कोणती खरी ते मला ठरवता येत नाही. आणि पोर तिकडे पाड्यावर भिंतीला धरून चालते आहे.

१९ मार्च, काल पाडवा झाला

लखमा आला. यावेळी खुर्चीवर बसला. मला तेच जास्त लागलं.

"पंचवीस येप्रिलला धरलाय, बाई. पावनं कुरकुर करीत नाय. पाय बघितला, बोलले चालंल."

मी म्हटलं, थांब. निदान बारावीचा निकाल लागू दे. शिक्षिका होईल, बालवाडीत लावते मी तिला.

"कशाला थांबायचा, बाई? तुमी बोललात नाव येल. आमी थांबलो." रागाने नव्हे. पिशवीतून काकड्या काढून टेबलावर ठेवल्या. चार. कोवळ्या, ताज्या.

वर्गात जाऊन पाठ शिकवला. कोणता ते आठवत नाही.

२१ मार्च

मेमध्ये मी निवृत्त होणार. मैदान आता महिपतकडे. त्याने विचारलं, सावड ठेवायची का बंद करायची. म्हटलं, पोरींना विचार. तो जरा चमकला. चौदा वर्षांत आम्ही दोघांनी हे कधी केलं नव्हतं.

२८ मार्च, रविवार

पाड्यावर गेले होते. राहीला साडी द्यायची होती. ती पाण्याला गेली होती, एक कळशी घेऊन, सावकाश. तिची आई घरी होती. तिने चटई टाकली, चहा टाकला, माझ्याशी बोलायला मिळालं म्हणून किती खूश!

"बाई, तुमचा लय ऐकते ती. आवो, दिवाली झाल्यावर भात वाहताना बांधावरनं पडली, भाऱ्यासकट. गुडघा ह्यो एवढा सुजला. मी फडका बांधला, बोलली, उद्या दवाखान्यात जाऊ. त संध्याकाली आली ती फडका हातात. बोलली, 'आये, बाईंनी सोडला. बाई बोलल्या, काय झाला नाय.' मंग मीपन बोलली, बाई शिकलेल्या, त्यांनी बघितला ना, झाला. मंग नाय नेली."

चहा पूर्ण प्यायले. कप विसळून ठेवला.

मी बघितला नव्हता.

घरी येऊन चौदा डिसेंबरचं पान काढलं. 'काही झालेलं नाही, नुसते नखरे. शिस्त बसली.' अक्षर सुरेख आहे.